आई “काही नाही” म्हणाली

मंगळवार, रात्री उशिरा

डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू, सुपारी, कसली सवय?” आणि आई म्हणाली, “काही नाही.” इतकं सहज म्हणाली, की शेजारी बसलेल्या मलाही क्षणभर खरंच वाटलं.

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. खरं तर काळजी त्या चट्ट्याची करायला हवी. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून पांढरट, सुरकुतलेला, पुसून न जाणारा चट्टा आहे. त्याचीही काळजी आहेच. पण झोप उडवलीय ती त्या “काही नाही”ने.

आई खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं खोटं मला ओळखता येतं. चहात साखर घातली का विचारलं की ती पदर सारखा करायला लागते. आज तसं काही नव्हतं. डॉक्टरांनी तिचं अंगठ्याशेजारचं बोट हातात घेतलं, नखाच्या कडेची काळी रेघ बघितली आणि म्हणाले, “मावशी, मिश्री लावता ना?” तर ही मोकळेपणाने म्हणते, “ती होय? लावते की. ती दातासाठी.”

म्हणजे मिश्री, ती भाजून वाटलेली तंबाखू, तिच्या हिशेबात धरलेलीच नाही. बीपीची गोळी ती जेवण झाल्या झाल्या घेते, कधी चुकत नाही. लोणचं-पापड डॉक्टरांनी बंद सांगितले त्या दिवसापासून ताटात घेत नाही. पहाटे मारुतीच्या देवळापर्यंत चालून येते. या सगळ्याला ती पथ्य म्हणते, तब्येत सांभाळणं म्हणते. आणि यातलं काहीही सुरू व्हायच्या आधी, उठल्या उठल्या, चूळही न भरता, बोट डबीत. ते कशातच मोजायचं नाही. इतकं जुनं आहे ते.

आजोळ निपाणीकडचं. घरात तंबाखू असायचीच. दुपारी सगळे जेवून पांगले की आजी तो लोखंडी तवा काढायची. त्यावर भाकरी कधी केली नाही, तो याच कामाचा. तंबाखू आधी तपकिरी व्हायची, मग काळी, आणि असा खाट उठायचा की गोठ्यातला माणूससुद्धा खोकायला लागे. मग तव्यातच वाटीच्या बुडाने रगडायची, फडक्यातून वस्त्रगाळ करायची. आईची दाढ दुखायला लागली तेव्हा आजीनेच पहिल्यांदा लावून दिली. लहान होती ती. दुखणं थांबलं. दाढ कधीच गेली, मिश्री राहिली.

आईचं म्हणणं, भाजली की तंबाखूचा कडकपणा जातो. जात नाही. उलट पान जळताना त्यात नवे घातक पदार्थ तयार होतात, आणि निकोटिन शिल्लक राहतंच. ते हिरडीच्या पातळ कातडीतून थेट रक्तात उतरतं आणि दोनेक तासांत निम्म्यावर येतं. हे आज वाचलं आणि आईचा सगळा दिवस नव्याने डोळ्यासमोर आला. सकाळची एक. भांडी झाल्यावर एक, कारण “उन्हानं डोकं जड झालंय.” दुपारी कट्ट्यावर आत्याबरोबर एक. सांजवात झाली की एक. निजताना एक, ती तशीच गालात ठेवून. ऊन नव्हतंच ते. शरीर वेळेवर मागत होतं आणि ती वेळेवर देत होती.

आणखी एक वाचलं, ते वाचायला नको होतं. मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने कमी भरली आणि काही दिवस आधी जन्मली. मी सव्वादोन किलोची. आमच्याकडे हे कौतुकाने सांगतात, “बोटभर होतीस, कापसात ठेवून वाढवली.” लहानपणीचा तो सततचा ताप, शाळेत रांगेत कायम पहिला नंबर, बाबांची ती नजर... जाऊ दे. माझं वजन त्यामुळेच कमी होतं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, हे कळतं मला. तरी रडू आलंच. माझ्यासाठी कोणी एक डबी बाजूला ठेवायची होती, एवढंच वाटलं.

पण ठेवणार कोण? सात महिन्यांची पोटुशी असताना आई भांगलायला जात होती. सकाळी भाकरी सगळ्यांना पुरायची नाही, आणि ती मागे जेवणारी. “एक बोट लावलं की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही,” हे ती आजही सांगते, एखादा उपयोगी उपाय सांगावा तसं. बाकी बायकाही तेच करत होत्या. बांधावर बसल्या की एकीची डबी सगळ्यांत फिरायची, काम करून टेकायला मिळायचं ते तेवढंच. तिच्या कोणत्या क्षणावर मी बोट ठेवू आणि म्हणू, की इथे तू सोडायला हवी होतीस?

दात घासायच्या पावडरीत तंबाखू घालायला 1992 सालीच सरकारने बंदी घातली. 2016 पासून तंबाखूच्या पुडीचा 85 टक्के भाग ते भयंकर चित्र आणि इशारा व्यापतो. आईच्या स्टीलच्या डबीवर कसलंच चित्र नाही. झाकणावर तिचं नाव कोरलंय, लग्नात आलेल्या भांड्यांवर असतं तसं. तिला कोण सांगणार होतं?

आम्ही घरातली शिकलेली माणसं रोज ती डबी बघत होतो. आम्हालाही ते कधी व्यसन दिसलं नाही. दादा मित्राची सिगारेट बघून आकांडतांडव करतो, पण आईची मिश्री संपली की तोच आठवणीने तंबाखू आणून देतो. माया म्हणूनच आणतो.

डॉक्टर चांगले होते. घाबरवलं नाही. मिश्री पूर्ण थांबवा, काही आठवड्यांनी परत बघू, असे चट्टे बऱ्याचदा मिश्री थांबली की विरतात, नाही विरला तर तुकडा काढून तपासू, म्हणाले. सोडायला मदत म्हणून 1800-11-2356 हा नंबर लिहून दिला. त्यावर बोलायला पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी आईशी बोलले. वाटलं होतं भांडण होईल. ती घासाघीस करायला बसली. “बाकीच्या सोडते, सकाळची राहू दे. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.” हेही खरंच आहे, निकोटिनने आतडं हलतं, इतक्या वर्षांची सवय झालीय त्याला. मी म्हटलं, उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी घे, पपई आणून ठेवते, सुरुवातीला काही दिवस त्रास होईल, चिडचिड होईल, वहिनीवर ओरडलीस तरी चालेल. यावर हसली. पूर्ण सोडेन असं काही म्हणाली नाही. निजतानाची मात्र आजपासून बंद, हे तिने आपणहून सांगितलं. गालात ठेवून झोपायची ती, म्हणजे सगळ्यांत वाईट तीच. आज मला एवढं पुरे आहे. सत्तरीच्या बाईकडून एका रात्रीत सगळं मागायला मी कोण?

मग म्हणते, “मला एकटीलाच काय धरलंस? आत्याला ने आधी. ती माझ्याहून जास्त लावते, आणि तिला तिखट खाववत नाही हल्ली, झोंबतं म्हणते.”

हे कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या आत्याला फोन करते. ती नाही म्हणणारच, पण दादाचं ऐकते, तेव्हा गाडी घेऊन त्यालाच पाठवू.