मूळच्या चाकांवर ऑटोक्रॉस: टायरचे माप ठरवताना

ऑटोक्रॉसमध्ये शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेक गाडी सोडतात आणि तिला लागलेला वेळ मोजतात. शंकू पडला तर त्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. मार्गावर वळणे इतकी असतात की गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच राहते आणि इंजिनच्या ताकदीपेक्षा टायरची पकड अधिक कामाला येते. माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १०५ पीएस ताकदीची. हीच गाडी रोज मला नेरूळहून रबाळ्याला कचेरीत नेते आणि हौशी स्पर्धेतही उतरते. मी ज्या वर्गात नाव देतो, त्यात कंपनीने दिलेली चाके बदलता येत नाहीत, टायरचे माप मात्र बदलता येते. अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या ‘स्ट्रीट’ वर्गाचा नियमही साधारण असाच आहे: चाकाची रुंदी मूळचीच हवी, व्यास एक इंचाने कमी-जास्त चालतो, टायरचे माप मोकळे, पण त्यावरचा ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा २०० पेक्षा कमी चालत नाही (आकडा जितका कमी तितके रबर सहसा मऊ).

आपल्याकडे ऑटोक्रॉस पुष्कळदा मातीच्या मैदानावर होते आणि तिथे रुंद टायरचा हट्ट धरण्यात काही अर्थ नसतो. मी पुढे जे लिहिले आहे ते डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानापुरतेच आहे.

गाडीसोबत आलेले माप १८५/६० आर१५, म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची (बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. अलॉय चाकाच्या मागच्या बाजूला रुंदी ६जे, म्हणजे सहा इंच, अशी कोरलेली आहे आणि माझ्या मते माप निवडण्याची सुरुवात याच आकड्यापासून व्हायला हवी. प्रत्येक मापाच्या टायरला रिमची किमान आणि कमाल रुंदी ठरवून दिलेली असते, शिवाय ज्या रिमवर तो टायर मोजला जातो ती एक प्रमाण रुंदी असते. १८५/६० साठी ही प्रमाण रुंदी साडेपाच इंच, १९५/५५ साठी सहा, तर २०५/५० साठी साडेसहा इंच आहे. सहा इंचांच्या रिमवर २०५ बसतो, नियमातही बसतो. पण रिम अर्ध्या इंचाने कमी पडल्यामुळे त्याची साइडवॉल आत ओढली जाते, आणि स्टिअरिंग झटकन फिरवल्यावर आधी साइडवॉल कलते, मग गाडी वळते. लागोपाठ उलटसुलट वळणे घेताना हा उशीर चांगलाच जाणवतो.

तुर्भ्याला ज्यांच्याकडे मी नेहमी टायर घेतो, ते म्हणाले, “साहेब, २०५ टाका, गाडी भरलेली दिसते.” दिसते हे खरेच. मी त्यांच्याच बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. मूळ टायरचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटर. १९५/५५ चा ५९५.५, फरक सव्वा टक्क्याच्या आत. २०५/५० चा ५८६, म्हणजे जवळपास पावणेतीन टक्क्यांनी लहान, आणि १९५/५० चा तर ५७६. व्यास लहान झाला की गाडीचा उठाव (पिकअप) वाढतो, पण दुसरा गिअर लवकर संपतो. माझ्या डीएसजी या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिनचे फेरे मर्यादेला टेकले की हाताने गिअर बदलण्याच्या पद्धतीतही ती आपणहून तिसरा टाकते, आणि नेमके दोन शंकूंच्या मधोमध असे झाले तर लय मोडते. शिवाय २०५/५० मुळे गाडी साडेआठ मिलिमीटर खाली बसते आणि साइडवॉलची उंचीही घटते. पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावर खड्डा चुकवायला जागा मिळत नाही तेव्हा साइडवॉलच रिमला वाचवते, म्हणून रोजच्या वापराच्या गाडीत ती आणखी कमी करणे मला पटले नाही.

१९५/५० मी भार-निर्देशांकावरूनच, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या आकड्यावरूनच, बाद केला. मूळ टायरवर ८४ हा आकडा आहे, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. १९५/५० वर बहुधा ८२, म्हणजे ४७५ किलो. १९५/५५ वर ८५ मिळतो, म्हणजे ५१५ किलो. त्यामुळे माप १९५/५५ ठरले. आकड्यात दहा मिलिमीटरची वाढ दिसली, तरी त्याच रिमवर प्रत्यक्षात टायर सातेक मिलिमीटरच रुंद होतो, कारण १८५ आधीच आपल्या प्रमाण रुंदीपेक्षा रुंद रिमवर ताणलेला असतो.

माप ठरले तरी रबर मिळणे हे वेगळेच प्रकरण होते. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारचे निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशातले हौशी स्पर्धक वापरतात तसले मऊ टायर १५ इंची मापात इथल्या दुकानांत सहज मिळत नाहीत. जे मिळत होते, त्यांतला कमी ट्रेडवेअरचा निवडला. कमी खपाच्या मापात जुना माल पडून असतो, म्हणून साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का वाचून घेतला: ३५२१ असेल तर २०२१ चा पस्तिसावा आठवडा. जुने रबर कडक होते आणि मग मापाच्या हिशेबाला काही किंमत उरत नाही.

बसवण्यापूर्वी एकाच चाकावर नवा टायर चढवून घेतला, आतल्या बाजूला शॉकॲब्सॉर्बरजवळ मुलीच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटवला, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून गाडी पुढेमागे घेतली. क्लेवर ओरखडा उठला नाही. स्टेपनी जुन्या मापाचीच ठेवली आहे. पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे चाक पुढे घ्यायचे आणि स्टेपनी मागे लावायची, म्हणजे पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलवर असमान व्यासाचा भार पडत नाही.

विम्याबद्दल एक वाक्य लिहायलाच हवे: मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा मैदानावरचे नुकसान आपल्याच खिशातून भरायचे.

खरी मेहनत हवेवर करावी लागली. रोज ३२ पीएसआय असते. मैदानावर पुढच्या टायरमध्ये ४० भरून सुरुवात केली आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूच्या रेघा ओढल्या. फेरीनंतर रेघ साइडवॉलवरच्या लहान त्रिकोणापर्यंत पुसली गेली तर हवा बरोबर. त्रिकोणाच्याही खाली पुसली गेली तर हवा कमी, आणि वरच राहिली तर जास्त. दुपारच्या काँक्रीटवर टायर तापून हवा आपोआप वाढते, साधारण दहा अंश फॅरनहाइटला (साडेपाच अंश सेल्सियसला) एक पीएसआय, म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये ती सोडावी लागते. माझी पुढची हवा ३७ वर स्थिरावली आहे. मागे मी ती मुद्दाम तितकीच ठेवतो, कारण मागचा भाग थोडा सैल राहिला तर पुढच्या चाकांनी ओढली जाणारी ही गाडी शंकूभोवती लवकर वळते. घरी निघण्यापूर्वी मात्र चारही टायर पुन्हा ३२ वर आणतो. पाम बीच रोडवर पावसात मागून सुटणारी गाडी मला नको आहे.