चेहरा माहीत नसलेल्या राजाचा पुतळा

किनाऱ्यावरच्या गावात स्मारक समिती बसली की पहिली खडाजंगी चेहऱ्यावरून होते. नाक असं नव्हतं, दाढी एवढी नव्हती. सिंधुदुर्गावरच्या शिवराजेश्वर मंदिरातल्या मूर्तीला तर दाढीच नाही, हे कुणी काढलं की बैठक संपतच नाही. अशा समित्यांनी पोलंडकडे एकदा बघावं. तिथल्या पहिल्या दोन राज्यकर्त्यांचा चेहरा कुणालाच माहीत नाही, तरी त्यांचे पुतळे दीडशेहून अधिक वर्षं होत आले आहेत.

पहिला म्येश्को. त्याने ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ९९२ मध्ये तो वारला. दुसरा त्याचा मुलगा बोलेस्वाव ख्रोब्री. बोलेस्वावच्या चांदीच्या नाण्यांवर डोकं कोरलेलं आहे, पण ते कुणाचंही म्हणून खपेल. आज पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढे या दोघांचे जे चेहरे येतात ते बऱ्याच अंशी यान मातेयको या चित्रकाराने १८९० च्या सुमारास काढलेल्या राजांच्या चित्रमालिकेतले. म्हणजे नऊशे वर्षांनंतरचे.

चेहरा नसला की शिल्पकार हातातल्या वस्तूंवर येतो, आणि खऱ्या चुका तिथे होतात. पोझनानच्या कॅथेड्रलमधल्या सुवर्ण चॅपलमध्ये क्रिस्टियान डानिएल राउखने घडवलेली ब्रॉन्झची जोडी आहे: म्येश्कोच्या हातात क्रूस, बोलेस्वावकडे तलवार. बाप धर्म आणणारा, मुलगा राज्य वाढवणारा. बघणाऱ्याला पाटी वाचावी लागत नाही. पण तलवार म्हणून पोलंडची राज्याभिषेकाची प्रसिद्ध ‘श्चेर्ब्येत्स’ दाखवली की घोटाळा झालाच. १०१८ मध्ये बोलेस्वावने ती कीव्हच्या सुवर्णद्वारावर आपटली अशी दंतकथा आहे. ते द्वार त्याच्या मृत्यूनंतर बांधलं गेलं, आणि आज जपलेली तलवार तेराव्या शतकातली. मुकुटाचंही तेच. म्येश्को कधीच राजा म्हणून अभिषिक्त झाला नाही. बोलेस्वावला मुकुट मिळाला १०२५ मध्ये, आणि त्याच वर्षी तो गेला. घोड्यावरचा तरणाबांड मुकुटधारी बोलेस्वाव म्हणजे शुद्ध कल्पना. व्रोत्स्वावमधल्या २००७ च्या अश्वारूढ पुतळ्याच्या हाती भाला दिलाय, ही निवड मला जास्त पटते: संत मॉरिसच्या भाल्याची प्रतिकृती सम्राट तिसऱ्या ऑटोने त्याला १००० साली ग्न्येझ्नो इथे दिली होती, आणि ती आजही क्राकूवला आहे.

तेव्हा मातीचं मॉडेल कला संचालनालयाच्या मान्यतेला पाठवण्याआधी एक कागद करावा. हा प्रसंग कोणत्या सालचा, त्या साली वय किती, अंगावरची प्रत्येक वस्तू त्या सालात बसते का. चेहऱ्यावरचं भांडण त्यानंतर करावं, हवं तेवढं.

देणगीदारांच्या फलकाबद्दलही पोझनानचंच उदाहरण. चॅपल लोकवर्गणीतून झालं आणि ते काम बघणाऱ्या एडवर्ड राचिन्स्की या सरदाराने पुतळ्यांवर स्वतःचं नाव घातलं. त्यावरून इतके आरोप झाले की त्याने नाव काढून टाकायला लावलं, आणि १८४५ मध्ये जीव दिला. फलकावरचा मजकूर वर्गणी सुरू होण्याआधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.

साचेही जपा, पुतळा गेला तर तसाच पुन्हा ओतता येईल. ग्न्येझ्नोचा मार्चिन रोझेकने केलेला बोलेस्वाव जर्मनांनी १९३९ मध्ये उद्ध्वस्त केला. आज उभा आहे तो १९८५ चा, येझी सोबोचिन्स्कीचा.

आता धातूचं. राउखची जोडी छपराखाली आहे, म्हणून तिची तुलना आपल्याकडच्या उघड्यावरच्या पुतळ्यांशी करू नये. पोलंडमध्ये उघड्यावरच्या पुतळ्यात साचलेलं पाणी थंडीत गोठतं, फुगतं आणि जोड उसवतं. आपल्याकडे तेच काम खारा वारा करतो. ८५ टक्के तांबं आणि प्रत्येकी ५ टक्के कथील, जस्त, शिसं हे नेहमीचं मिश्रण. जाडी ६ मिलिमीटर धरली तर दर चौरस मीटरला साधारण ५३ किलो. ओतल्यावर धातू दीड टक्क्याच्या आसपास आकसतो, म्हणजे दहा फुटांत जवळजवळ दोन इंच. मेणाचा नमुना तेवढा मोठा धरला नाही तर ठरलेली उंची भरत नाही.

ब्रॉन्झ टिकतं, आतला सांगाडा दगा देतो. ब्रॉन्झला लोखंड चिकटलं आणि मध्ये खारट ओल आली की लोखंडच झिजतं. ब्रॉन्झचा पृष्ठभाग मोठा आणि बोल्ट लहान असेल तर फार झपाट्याने. वर गंज फुगून जोड फोडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळल्यापासून हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. सांगाडा आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४ ला समुद्राकाठी खड्डे पडतात. सांगाडा ब्रॉन्झला टेकतो तिथे टेफ्लॉन किंवा निओप्रीनची पट्टी घाला. टाचा, बाहीचं टोक, घोड्याचं पोट, जिथे जिथे पाणी साचेल तिथे १२ मिलिमीटरचं भोक हवंच, आणि आत माणूस शिरेल असं झाकण हवं. नुसतं बाहेरून बघून काहीच कळत नाही.

पावसाळ्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेण चोळा. गर्द, घट्ट हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड दिसली तर मात्र मेण थांबवा: आत मिठातलं क्लोराइड आहे, मेणाखाली ते धातू खातच राहील. तो डाग आधी जाणकाराकडून साफ करून घ्यायचा.