ऑपरेशन आत्ताच का करून घेत नाही?

“मोतीबिंदूसारखं हेही एकदाचं उरकून का घेत नाही, ताई?” असे भेटेल तो विचारतो, आणि उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येत नाही, तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

मला फूक्स डिस्ट्रॉफी हा बुबुळाचा आजार आहे आणि तो आईकडून आला आहे. काही जण नात्यातल्या लग्नांना दोष देतात, पण आमच्यासारख्या घराण्यात चालत आलेल्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला दोष पुरतो. बुबुळाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि बुबुळात झिरपणारे पाणी सतत उपसून ते पारदर्शक ठेवणे हे त्याचे काम असते. गेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत, आणि माझ्या पेशी वयाच्या मानाने लवकर कमी होत आहेत. रात्री पापण्या मिटलेल्या असल्याने बुबुळावरचे पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी सगळे धुरकट दिसते आणि दिवस चढेल तसे निवळते. खानदेशातल्या ज्या कोरड्या उन्हाला सगळे कंटाळतात ते माझ्या डोळ्यांना मानवते. मे महिन्यात सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचता येते, तर श्रावणातल्या दमट हवेत शाळेचा दुसरा तास संपेपर्यंत मुलांच्या वह्यांतली अक्षरे नीट लागत नाहीत.

आईच्या वेळी दात्याचे पूर्ण जाडीचे बुबुळ टाके घालून बसवले होते आणि नजर स्थिरावायला वर्षाहून अधिक काळ गेला. नेदरलँड्समधील गेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘डीमेक’ पद्धतीत केवळ आतला, केसापेक्षाही पातळ थर बदलतात. तो हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्याने आतून चिकटवतात आणि रुग्णाला काही दिवस बराच वेळ उताणे पडून राहावे लागते. तरीही बसवलेला थर कायमचा नसतो, त्याच्याही पेशी घटत जातात. शरीर तो नाकारू नये म्हणून स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ घालावे लागतात आणि त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. म्हणून सकाळचे धुरकटपण दुपारपर्यंत रेंगाळू लागेल आणि बुबुळाची जाडी वाढत जाईल, तेव्हाच शस्त्रक्रिया करावी असे माझ्या डॉक्टरांचे मत आहे, आणि मला ते पूर्ण पटले आहे. तोवर मिठाचे पाच टक्क्यांचे थेंब आणि नियमित मोजमाप हाच माझा उपचार आहे. ही टाळाटाळ नव्हे.

मोतीबिंदूशी तुलना केलीत, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही या पेशी काही प्रमाणात कमी होतात; निरोगी डोळा ते सहन करतो, पण आईचे बुबुळ त्यानंतरच कायमचे सुजले. ज्यांच्या आईवडिलांना बुबुळाचा असा आजार होता त्यांनी शिबिरात नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगावे आणि पेशींची मोजणी करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझा मोतीबिंदू वाढेल तेव्हा दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी करता येतील.

पण तो दिवस एकट्या माझ्या हातात नाही, कारण त्यासाठी कोणाच्या तरी घरच्यांनी मृत्यूनंतर लगेच नेत्रदानासाठी फोन केलेला असावा लागतो; डोळे साधारण सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागतात. आपल्या उन्हाळ्यात तर नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत खोलीतला पंखा बंद ठेवून, पापण्या मिटवून, त्यांवर ओला कापूस ठेवावा लागतो, नाहीतर बुबुळ सुकते. “आमचे म्हातारे डोळे कोणाला चालणार?” असे आमच्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगते की डीमेकसाठी सर्जन पन्नाशीपुढच्या दात्याचाच थर पसंत करतात, कारण तरुण दात्याचा थर फार घट्ट गुंडाळला जातो आणि डोळ्यात उलगडणे अवघड जाते.