झोपलेला लॅपटॉप उठेना: पीएम_ट्रेस आणि माझे पाच दिवस

आधी हे सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. पीएम_ट्रेस म्हणजे झोपेतून उठताना लिनक्स कुठे अडकतो हे शोधायची सोय, आणि ती लॅपटॉपची तारीख-वेळ बिघडवते. ती चालू करण्याआधी तारखेवर चालणारं सगळं बंद करा: हिशेब, मेल, बँक. मी केलं नाही. मे महिन्यात गेलेल्या आंब्याच्या पेट्यांची दोन बिलं माझ्या वहीत फेब्रुवारीत पडली आहेत, आणि सालही भलतंच.

आमचं गाव देवगडच्या अलीकडे. लॅपटॉप जुना, बॅटरी चालू कामात जेमतेम वीस मिनिटं टिकते. मेच्या शेवटी ढग नुसता गुरगुरला तरी लाईट जाते, म्हणून माझा नेम ठरलेला: लाईट गेली की झाकण खाली, आली की वर. झोपेतला लॅपटॉप त्याच बॅटरीवर आरामात रात्र काढतो. पण लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, अपडेट झाला आणि झाकण उघडलं की पंखा फिरतो, पडदा काळा, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. तालुक्याच्या दुकानात नेला. "फॉरमॅट मारूया," पोरगा म्हणाला. कर्नलचं आहे म्हटल्यावर, "मग स्लीप करूच नका ना, बंद करत जा." ह्या सल्ल्याचे दोनशे रुपये घेतले.

घरी येऊन कर्नलचीच कागदपत्रं उघडली. त्यात ह्या दुखण्याची तपासणी पायरीपायरीने दिली आहे. पीएम_टेस्ट नावाची एक फाईल असते. तिच्यात फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर यातला एक शब्द लिहायचा आणि नेहमीसारखं झोपवायचं. यंत्र तेवढ्याच पायरीपर्यंत उतरतं, पाच सेकंद थांबतं आणि आपणहून परत येतं. कर्नल पीएम_डीबग घालून बांधलेला असला तरच ही फाईल दिसते, माझ्यात होती. पाचही पायऱ्या सुरळीत झाल्या. म्हणजे सोंग घेतलेल्या झोपेतून उठतो, खऱ्या झोपेतून नाही.

मग पीएम_ट्रेस. इथेच माझे पाच दिवस गेले, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

युक्ती मोठी चमत्कारिक आहे. उठताना यंत्र गोठलं तर कुठे गोठलं हे लिहून ठेवायला जागाच उरत नाही. डिस्क अजून जागी नाही, रॅम रीबूटमध्ये पुसली जाते. टिकतं ते एकच, मदरबोर्डवरचं घड्याळ. म्हणून कर्नल प्रत्येक टप्प्यावर एक आकडा घड्याळात तारीख-वेळ म्हणून लिहीत जातो. गोठल्यावर बटण दाबून धरून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, 'मॅजिक नंबर' शोधायचा. हा भाग २००६ साली लिनक्सचा जनक खुद्द लिनस टॉरवाल्ड्स याने लिहिला, आणि त्यातल्या टिपणीत स्वतःच त्याला भयंकर म्हणून ठेवलंय. सेकंद वापरता येत नाहीत, मिनिटं तीन-तीनच्या टप्प्याने, तारीख २८च्या पुढे कधी जात नाही. घड्याळ मात्र चालूच राहतं, त्यामुळे गोठल्यापासून साधारण तीन मिनिटांत कर्नल पुन्हा सुरू झाला पाहिजे. नाहीतर आकडा बदलला आणि सगळं वाया.

पहिल्या खेपेला गोठला, मी बटणाला हात घातला आणि अंगणातून आईची हाक: "अरे पाऊस इलो! सोलां भिजतली!" चार सुपं, दोन ताटं आणि एक अख्खी चटई भरून सोलं वाळत होती. ती आत घेऊन येईतो दहा मिनिटं झाली. दुसऱ्या खेपेला लॅपटॉप दर तीस सेकंदांनी आपोआप उठावा म्हणून आरटीसीवेक ही आज्ञा लावली आणि तो उठेचना. माझाच गाढवपणा. आरटीसीवेक त्याच घड्याळात गजर लावतं, आणि पीएम_ट्रेस तेच घड्याळ फिरवतं. गजर वाजणार कसा? ह्या तपासणीत बटणानेच उठवा.

तिसऱ्या खेपेला जमलं. डीमेसेजमध्ये 'हॅश मॅचेस', म्हणजे आकड्याशी जुळणारी, म्हणून दोन नावं: एक टीटीवाय, म्हणजे टर्मिनल, आणि एक पीसीआयवरचं, म्हणजे मदरबोर्डच्या जोडणीवरचं, यंत्र. आता दोन कशी? खात्री करावी म्हणून आणखी चार वेळा केलं. चारही वेळा तीच दोन नावं, त्याच क्रमाने. मला वाटलं पहिलं नाव आलंय तर तेच असणार, आणि मी टर्मिनलच्या मागे लागलो. बायोसमध्ये शिरून सीरियल पोर्टची सेटिंगं धुंडाळली, बूटच्या ओळी बदलल्या. दोन दिवस! दरम्यान घड्याळ रोज नवीन महिन्यात. लाईटबरोबर मोबाईलचा टॉवरही जायचा, त्यामुळे वेळ नेटवरून सुधारायची नाही. रेंज आली की ब्राउझर प्रत्येक साईट असुरक्षित म्हणून दार लावून घ्यायचा. लॉगमधल्या बूटची क्रमवारी तर विचारूच नका. आई मागे उभी राहून विचारते, "आज संकष्टी मां रे?" आणि माझ्या पडद्यावर नोव्हेंबर.

शेवटी वैतागून कर्नलचा मूळ कोड उघडला. यंत्रांच्या नावांसाठी खण फक्त १,००९. नावावरून खण ठरतो. दोन यंत्रांचा खण एकच निघाला की दोघांचीही नावं छापली जातात, आणि नावं बदलत नाहीत म्हणून दर वेळी तीच जोडी येते. चार वेळा तेच आलं हा पुरावा नव्हताच. तेव्हा एकाहून जास्त नावं आली तर परत-परत चाचणी करत बसू नका. ज्याचा ड्रायव्हर काढता येतो तो काढा आणि झोपवून बघा. पीसीआयवरच्या यंत्रांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय आज्ञेने ते दुसरं यंत्र म्हणजे कार्ड रीडर असल्याचं सांगितलं. जो मी गेल्या तीन वर्षांत एकदाही वापरलेला नाही.

मोडप्रोब आज्ञेने त्याचा ड्रायव्हर काढला, झाकण लावलं, उघडलं. उठला! खरं सांगतो, मी टाळी वाजवली.

मग पीएम_ट्रेस बंद करून आरटीसीवेकने वीस वेळा झोपवून उठवला. झोपेचा हिशेब ठेवणाऱ्या सस्पेंड_स्टॅट्समध्ये वीस यशस्वी, शून्य फसलेले. आता झोपण्याआधी ड्रायव्हर काढणारी चार ओळींची स्क्रिप्ट सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये आहे. कर्नलवाल्यांना कळवलं, त्यांनी सगळ्यात नवा कर्नल बांधून बघायला सांगितलं. बांधला, रात्रभर चालला, त्यातही तेच. पुढचं त्यांच्याकडे.

हो, मेम_स्लीप नावाच्या फाईलमध्ये 'डीप' आहे की 'एस-टू-आयडल' हे पहिल्या दिवशीच बघून घ्या. दोन्ही वेगवेगळ्या झोपा आहेत, पहिली गाढ, दुसरी हलकी, आणि नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा डीप नसतेच.

आणि पीएम_टेस्टमध्ये काम झाल्यावर पुन्हा 'नन' लिहा. मी 'कोअर' तसाच ठेवून, पाच सेकंदांत उठलेला लॅपटॉप बघून, बरा झाला म्हणून आईला सांगून आलो होतो. ते पहिल्या दिवशी.