काय घालू?

कुंडीतलं झाड रुसलं की माणूस पहिल्यांदा विचारतो, 'काय घालू?' इंदूरला आमच्या राजेंद्रनगरातल्या बागेत मी रविवारी सकाळी झाडांबद्दल फुकट सल्ले देतो. तिथे येणाऱ्याने घरी आधीच चहाचा चोथा, ताक, अंड्याची टरफलं, केळ्याच्या सालींचं पाणी असं सगळं घालून पाहिलेलं असतं. इंदूरकर पोह्यांवर शेव घालतो त्याच सढळ हाताने कुंडीत डीएपीसारखं रासायनिक खत घालतो. मी बहुतेक वेळा 'सध्या काही घालू नका' म्हणतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. फुकटचा सल्ला, त्यातही औषध नाही!

खरं दुखणं मातीचं असतं. माळव्याची काळी माती सोयाबीनला, गव्हाला उत्तम. कुंडीत मात्र छळते. उन्हाळ्यात ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. ताटलीत पाणी दिसलं की आपण खूश, मधला गोळा मात्र कोरडा ठणठणीत. पावसाळ्यात हीच माती फुगते, पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून माती, रेती आणि जुनं शेणखत सारखंच घ्यायचं. जुनं म्हणजे हातात घेतल्यावर वास न येणारं. आणि पाणी देण्याआधी बोट दोन पेरं आत खुपसून बघायचं.

मध्यंतरी एक मावशी जास्वंदीची फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या. देठांच्या बेचक्यांत कापूस चिकटल्यासारखे पिठ्या ढेकूण. मी विचारलं, झाडावर मुंग्या आहेत का? होत्याच. ढेकणांचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, असं सांगितलं. मावशींचं लक्ष फवाऱ्याकडे नव्हतंच. "अहो, त्या मुंग्यांना मी रोज साखर घालते!"

घरच्या खताचं म्हणाल तर इंदुरात वेगळीच पंचाईत. शहर २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिलं आलं, तेव्हापासून ओला कचरा गाडीत द्यायची शिस्त अशी अंगात भिनलीय, की साली घरात ठेवा म्हटलं तर लोक दचकतात.

सध्या वाद मोगऱ्यावरून आहे. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरताना छाटणी करायची. शेजारच्या आजोबांना ते पटेना, "हिरवं झाड कापायचं?" शेवटी तडजोड झाली आणि अर्धाच छाटला. एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंच्या कळ्या मोजायचं ठरलंय. मोजणार आजी, कारण त्यांच्या मते आम्ही दोघेही पक्षपाती.