लाल तर लाल

मुळशीतल्या स्कीममध्ये घर बांधतोय, तिथल्या डिझाइन कमिटीच्या मीटिंगहून आल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. छपराचा रंग हा काय जीवाला लावून घ्यायचा विषय आहे का, नाहीये, मलाही कळतं. पण नाना त्या कमिटीतल्या मुलाला हसत हसत म्हणाले, "अहो लहानपणापासून अशीच आहे ही, तुम्ही लाल लिहून टाका," आणि सगळे हसले, अव्यासुद्धा, मान खाली घालून का होईना, पण हसला, मी बघितलं.

४६ वर्षांची आहे मी. असो.

गंमत म्हणजे जिथे अडेल असं वाटत होतं तिथे काहीच झालं नाही. मंजुरीच्या ऑफिसात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते), कडेने सोडायची मार्जिनची जागा, उंची एवढंच विचारलं, रंगाचं काढलं तर साहेब म्हणाले तो तुमचा तुम्ही बघा. तिथे रंग फक्त नकाशावर, पाडायचं ते पिवळं आणि नवं बांधकाम लाल. अडलं ते स्कीमच्या डिझाइन कमिटीत. उतरतं छप्पर, टेराकोटा रंग, तोही त्यांच्या शेड कार्डातलाच, नाहीतर एनओसी नाही आणि एनओसी नाही तर पाण्याचं कनेक्शन नाही. ॲग्रीमेंटमध्ये आहे म्हणे. आहेच, नाही कोण म्हणतंय, पण त्याच ॲग्रीमेंटमध्ये क्लबहाऊस पण आहे, ते कुठंय विचारलं की सगळे फाइल चाळायला लागतात.

आणि कारण काय तर परंपरा. मावळातला पारंपरिक लुक. अरे, मंगलोरी कौल तरी कुठे आपल्या पूर्वजांनी शोधलंय, बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला तिथून ते सगळीकडे गेलं, आणि ते लाल असतं कारण मातीत लोह असतं, भाजली की लाल होते, कुठल्या कमिटीने पास केलं म्हणून नाही. शिवाय आमच्यावर कौल बसणारच नाहीये. कौलाची नक्षी उठवलेला पत्रा बसणार आहे, त्याला लाल रंग फासलेला. ही परंपरा.

मला पांढरं हवं होतं एवढंच. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या खोलीत बसून दाखवा आणि मग बोला. आईची खोली वरच आहे, तिचं काय ते मी आत्ता लिहीत नाही. मी तेलंगणाची २०२३ ची कूल रूफ पॉलिसी प्रिंट काढून नेली होती, हायलायटर मारून, अख्खं राज्य छपरं थंड करायच्या मागे लागलंय हे दाखवायला. त्या मुलाने दोन पानं उलटली आणि म्हणाला, "मॅडम, हे तेलंगणाचं आहे." यावर काय बोलणार.

तरी तो परका माणूस, त्याचं काही वाटत नाही. नानांचं वाटतं. कारण पांढऱ्या पत्र्याचं खूळ माझ्या डोक्यात घातलं कोणी? वाड्यात माडीवर पत्रा होता आपल्याकडे, आणि परीक्षा संपायच्या सुमाराला नाना स्वतः वर चढून चुना मारायचे त्याला. चुन्यात मीठ आणि भिजवलेला डिंक, जुन्या धोतराचं फडकं, आणि मी खालून बादली द्यायला. हात फुटायचे त्यांचे चुन्याने, रात्री खोबरेल लावत बसायचे. मालक ओरडले होते एकदा, हे काय पांढरं करून ठेवलंय म्हणून, तर नानांनी सुनावलं होतं की तुम्ही झोपा दुपारी इथे. तोच माणूस आज म्हणतो लाल लिहून टाका. विसरले असतील? की आठवत असून म्हणाले? आठवत असेल तर जास्त वाईट, असं गाडीत येताना वाटत होतं, चांदणी चौकापर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी बोलले की हट्ट आणि गप्प बसले की शहाणी झाली, हे जन्मभर असंच चालू आहे. कोथरूडचा फ्लॅट विकतानाही... जाऊ दे, तो विषय वेगळा.

रात्री मधुराचा फोन आला, तिला सगळं सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, अगं लालमध्येही कूल पेंट मिळतो. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते, तेवढी परतवणारं पिगमेंट घालतात, दिसायला लालच. डब्यावर एसआरआय बघून घे, म्हणजे रंग उन्हात किती थंड राहतो त्याचा आकडा, काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला १०० धरून मोजतात, जितका जास्त तितकं बरं. पांढऱ्याइतका थंड नाही राहणार, पण साध्या लालपेक्षा बरा. म्हणजे त्यांचं शेड कार्ड पण खूश आणि आईची खोलीही थोडी कमी तापेल. आणि मुळशीच्या पावसात पांढरं किती दिवस पांढरं राहिलं असतं कोण जाणे, हे मी मधुराला बोलून नाही दाखवलं. अव्याला तर मुळीच नाही.

नानांना विचारायचं होतं चुन्याचं. जेवताना विषय काढला तर ते म्हणाले, "डिंक नव्हता गं, सरस घालायचो," आणि आमटी वाढून घेतली. यावरून वीस मिनिटं वाद झाला, डिंक की सरस. आठवतंय म्हणजे सगळं. मला राग यायला हवा होता पण मी डिंकावरच भांडत राहिले.

पन्हाळ मात्र पांढरी घेणारे. नियमांचा अख्खा कागद वाचून काढलाय, त्यात पन्हाळीबद्दल अवाक्षर नाही. अव्या म्हणतो पहिल्या पावसातच शेवाळ धरेल. धरू दे, शिडी लावून त्यालाच चढवेन.