मी सूर दिला होता

आमच्या शाळेची पेटी रोज सकाळी संगीताच्या खोलीतून मैदानावर आणायची आणि परिपाठ झाला की परत नेऊन ठेवायची, हे काम आठवीतली दोन मुलं करायची. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे. नाव लिहीत नाही. उचलण्याआधी भात्याची खिट्टी लावायची, हे मी न सांगता करणारा बावीस वर्षांतला तो पहिला मुलगा. वर घालायचं कापडसुद्धा घडी करून पेटीवर ठेवायचा.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. मैदानाच्या मागे यंत्रमागांचे कारखाने आहेत. सकाळी माग सुरू झाले की त्यांचा खडखडाट भिंतीवरून आत येतो आणि परिपाठाला मला पेटीचा आवाज वाढवून घ्यावा लागतो. मुलांच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू, आणि शाळेत सगळ्यांची मराठी. बऱ्याच आया विड्या वळतात, बाप मागावर. या मुलांना सुरात आणणं ही माझी नोकरी आणि मला ती मनापासून आवडते.

राष्ट्रगीताबाबत मी पहिल्यापासून काटेकोर आहे. पूर्ण राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत व्हायला हवं. आमचं साठावर जायचं. ‘भारत भाग्य विधाता’ मुलं ओढतात आणि शेवटच्या ‘जय जय जय जय हे’ला एकदम पळत सुटतात. ‘जय हे’ला सूर वर तार षड्जापर्यंत जातो आणि तिथं आठवी-नववीतल्या मुलांचे आवाज फाटतात. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांना मी नेहमी सांगते, ओढून गाऊ नका, गळ्यावर जबरदस्ती करू नका, नुसते ओठ हलवा, चालेल. हा मुलगा गात नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, त्याचाही आवाज फुटलाय.

ती 24 जानेवारीची सकाळ होती, सात वर्षांपूर्वीची. दोन दिवसांवर प्रजासत्ताक दिन, म्हणून सगळी शाळा मैदानावर सरावाला उभी. सहाशेच्या आसपास मुलं. गड्ड्याची जत्रा चालू होती, त्यामुळे निम्म्यांच्या डोळ्यांवर झोप. राष्ट्रगीत सुरू झालं, ‘पंजाब सिंधु’पर्यंत आलं आणि पीटीच्या सरांनी शिट्टी मारली. गाणं तिथंच तुटलं. सर रांगेत शिरले आणि त्या मुलाला दंडाला धरून पुढं घेऊन आले.

“काय बे, तोंड उघडायला काय होतंय तुला?”

तो काही बोलला नाही.

“आठवडा झाला बघतोय मी. सगळे गातेत, हा दगडासारखा उभा. आता एकटा म्हण. सगळ्यांसमोर.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, सूर द्या याला.”

आणि मी दिला.

मागे वळून बघताना मला सरांच्या शिट्टीपेक्षा हे जास्त लागतं. विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता आलं असतं, पण वेळ होता. मी भाता मारला, काळी एकच्या षड्जावर बोट ठेवलं आणि धरून ठेवलं. कुणी गायला लागेपर्यंत सूर धरायचा ही माझी सवय. सहाशे मुलं गप्प, मागचे माग चालू, आणि मधे माझा एकटा सा. मुलगा सावधानमध्ये होता. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला चिकटलेल्या, नजर झेंड्याच्या रिकाम्या काठीवर. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यानं पुसलं नाही, कारण सावधानमध्ये हात हलवायचा नसतो. ते त्यांना आम्हीच शिकवलेलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझा हात भात्यावरून आपोआप सुटला. सूर बसत बसत थांबला. सर म्हणाले, “थांबू नका बाई.” मी म्हणाले, “सर, आता नको.” मोठ्या बाई ऑफिसच्या पायरीवरून बघत होत्या. त्यांनी मुलाला आत बोलावलं आणि वडिलांना आणायला शिपायाला पाठवलं.

वडील अर्ध्या तासात आले, थेट मागावरून. केसांत, भुवयांत, कानांवर सुताची पांढरी पिंज. खुर्ची देऊनही बसले नाहीत. मला आधी वाटलं होतं घरची काही भानगड असेल, मुलगा कुणावर तरी चिडला असेल. तसं काही नव्हतं. त्यांचं कुटुंब यहोवाच्या साक्षीदारांपैकी, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाचं. त्यांच्या श्रद्धेत अशी स्तुती फक्त देवाची गातात, दुसऱ्या कशाची नाही.

“म्याडम, उभं राहू नको असं आम्ही कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले. तेलुगू वळणाचं मराठी, हळू आवाजात. “उभं राहतोय ना नीट? मीच शिकवलोय. हलायचं नाही, हसायचं नाही. देशाला मान द्यायचं. पण गाणं आमचं देवाला. त्याला शाळेतून काढू नका, आठवी हाय त्याची.”

एवढं बोलून ते गप्प राहिले. माग बंद ठेवून आले होते आणि त्यांची मजुरी कापडावर, हे मला नंतर सुचलं.

पीटीचे सर वाईट माणूस नाहीत, हे लिहायलाच हवं. त्यांचे भाऊ सैन्यात होते. खो-खोच्या मुलींना स्पर्धेला नेताना स्वतःच्या खिशातून केळी घेणारे ते सर. ते अगदी तळमळून बोलत होते. “ज्या सोलापुरात झेंड्यासाठी चौघं फासावर गेले, त्या सोलापुरात पोराला बावन्न सेकंद गाणं जड जातंय? आज एक गप्प राहिला, उद्या दहा राहतील. थेटरातसुद्धा उभं राहायला लागतंय.”

चार हुतात्म्यांचं नाव निघालं की सोलापूरच्या माणसाला उत्तर सुचत नाही. मलाही सुचलं नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, आणि पुतळ्यांच्या चौकातून आम्ही दर वर्षी मुलांची फेरी नेतो. मी गप्पच राहिले.

बोलले ते आमचे नागरिकशास्त्राचे सर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, एरवी सभेत तोंड न उघडणारे. त्यांनी कपाटातून पाठ्यपुस्तक काढून संविधानाचं पान मोठ्या बाईंसमोर ठेवलं. मूलभूत कर्तव्यं, अनुच्छेद 51 क, 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आलेला. “राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर करावा, असं आहे. गायलाच पाहिजे असं कुठंय ते दाखवा.” मग म्हणाले, “केरळातली केस माहीत आहे का? हेच. हाच पंथ.”

त्या रात्री तो सगळा निकाल मी मोबाइलवर वाचला. इंग्रजी कायद्याची भाषा, काही वाक्यं तीनतीनदा वाचावी लागली. 1985 सालची गोष्ट. बिजो, बिनू मोल आणि बिंदू, तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीत. रोज राष्ट्रगीताला उभी राहायची, गायची नाहीत. कितीतरी दिवस कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग एका आमदारांच्या ते नजरेला आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी समिती नेमली गेली. मुलं शिस्तीची आहेत, राष्ट्रगीताचा अनादर करत नाहीत, असं समितीनंच सांगितलं. तरी शिक्षण खात्याच्या वरच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मुख्याध्यापिकेनं तिघांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयात मुलं हरली. 11 ऑगस्ट 1986 ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की कुणालाही राष्ट्रगीत गायला लावणारा कायदा नाही. जो आदरानं उभा राहतो पण गात नाही, तो अनादर करत नाही. त्याला काढून टाकणं हा त्याच्या अभिव्यक्तीच्या आणि श्रद्धेच्या हक्कावर घाला आहे. शेवटी म्हटलं आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान ती सांगतं आणि आपलं संविधान ती पाळतं. तिच्यात पाणी घालू नका.

थिएटरचंही वाचलं. 30 नोव्हेंबर 2016 ला चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचं झालं होतं, तेव्हाही आदेश उभं राहण्याचा होता, गाण्याचा नव्हता. 9 जानेवारी 2018 ला त्याच न्यायालयानं ते वाजवणंही चित्रपटगृहांच्या मर्जीवर सोडलं.

आणि राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखणारा 1971 चा कायदा. राष्ट्रगीत गायला जाणूनबुजून अडवणूक करणाऱ्याला, किंवा ते गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे वाचलं आणि मोबाइल उशीवर उलटा ठेवला. त्या सकाळी राष्ट्रगीत मध्येच कुणी तोडलं होतं? त्या मुलानं नाही. तो स्थिर होता. ‘पंजाब सिंधु’वर गाणं थांबवलं ते आम्ही मोठ्या माणसांनी, आणि त्यानंतर त्याच गाण्याचा सूर एका पोराला रडवायला वापरला तो मी. पेटीवर पहिल्यांदा ‘जन गण मन’ बसलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आनंदानं दिवसभर तेच वाजवत होते. ते गाणं कुणाच्या तरी दंडाला धरून बाहेर काढायचं नसतं. मला ते इतकं आवडतं म्हणूनच हे असह्य होतं.

सरांच्या हुतात्म्यांना उत्तर मला झोप न लागल्यामुळं मध्यरात्री मिळालं. मे 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला, तेव्हा तिरंगा घेऊन रस्त्यावर येणं हाच गुन्हा होता. माणसानं कशाला मान द्यायचा आणि कशाला नाही, ते बंदूक घेतलेले लोक सांगत होते, आणि सोलापूरनं ते ऐकलं नाही. त्या चौघांचा वारसा सांगून आपण एका पोराला तोंड उघडायला लावणार असू, तर त्या पुतळ्यांसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

25 ला सकाळी मी आणि नागरिकशास्त्राचे सर निकालाची प्रिंट घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांना भीती होती ती संस्थेची आणि पालकांची, आणि ती खोटी नव्हती. दोन पालकांचे फोन आलेच होते. मोठ्या बाईंनी प्रिंटवर हात ठेवला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “मुलगा रांगेत उभा राहील. विषय संपला.” वडिलांना त्यांनी स्वतः फोन केला.

आठवीच्या तासाला मी त्या दिवशी गाणं घेतलं नाही. राष्ट्रगीताचा अर्थ सांगायला बसले. ‘उच्छल जलधि तरंग’ म्हणजे उसळणाऱ्या समुद्राच्या लाटा, हे वर्गातल्या कुणालाच सांगता आलं नाही. बावीस वर्षं मी त्यांना सूर दिला, शब्द शिकवले, आणि अर्थ एकदाही सांगितला नव्हता. एका मुलीनं विचारलं, “बाई, यात आमचं कुठंय? आमचे आजोबा करीमनगरकडून आले.” मी म्हटलं, द्राविड म्हणतो ना, त्यात तुम्ही. मग रवींद्रनाथांनी हे बंगालीत लिहिलं, 1911 च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसच्या अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं, आणि 24 जानेवारी 1950 ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत ते राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं, असं सगळं सांगितलं. 24 जानेवारी ही तारीख फळ्यावर लिहिताना खडू जरा थांबला. तो मुलगा तिसऱ्या बाकावर होता. सगळं वहीत उतरवून घेत होता.

तास संपल्यावर त्याला थांबवलं. माफी मागायची होती, पण शिक्षकाच्या तोंडून ती लवकर येत नाही. शेवटी म्हणाले, “काल मी सूर द्यायला नको होता.” त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “बाई, पेटीच्या भात्याला भोक पडलंय, मागच्या बाजूला. हवा जातेय.” मला ते माहीत नव्हतं. सा लवकर बसायचा तो त्यामुळं.

प्रजासत्ताक दिनाला मी सव्वासहाला पोचले. अंधारच होता, थंडी होती. पेटी मैदानावर झेंड्याच्या उजव्या बाजूला ठेवलेली, कापड घडी करून वर. भोकावर आतून कापडाची पट्टी चिकटवली होती, मागावरच्या कापडाचा तुकडा.

झेंडा वर गेला, सरांनी ‘सावधान’ दिलं, मी षड्ज धरला आणि सगळे गायले. तो चौथ्या रांगेत उभा होता, ताठ, ओठ मिटलेले. मी घड्याळ लावलं नव्हतं. नंतर प्रसादाचे लाडू वाटताना पीटीचे सर शेजारी आले. म्हणाले, “बाई, मला अजून पटलेलं नाही.” मी म्हटलं, “माहीत आहे सर.” त्यांनी त्या मुलाच्या हातावर लाडू ठेवला आणि पुढच्याला हाक मारली.